माळावर पिल्ले मोजायची कशी?

धाराशिव जिल्ह्यात दुर्बीण गळ्यात अडकवून माळावर जाणारे लोक आता गावोगाव भेटतात. कोणता पक्षी कुठे दिसला याच्या याद्या ते मनापासून करतात आणि त्या याद्यांना मोल आहे. पण त्या पक्ष्याने इथे अंडी घातली का, अंड्यांतून पिल्ले बाहेर पडली का आणि त्यातली किती पंखांवर आली, हे यादी सांगत नाही. त्यासाठी विणीच्या हंगामात, ठरलेल्या जागी, दर वर्षी तीच पद्धत वापरून मोजणी करावी लागते. आपल्या जिल्ह्यात ती कशी करता येईल, हे या लेखात मांडले आहे.

माळढोकाने दिलेला धडा

धाराशिवच्या शिवेला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात, नान्नजच्या माळावर, १९७२ साली सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी माळढोकाची नोंद केली. १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात नान्नजला तळ ठोकून या पक्ष्याचा अभ्यास केला. २००० नंतरच्या दशकातही तिथल्या मोजणीत वीस-पंचवीस माळढोक नोंदले जात. आज एखादा दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते. साऱ्या देशात मिळून ते दीडशेच्या आसपासच उरले असावेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत.

माळढोकाची मादी एका वेळी एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. पिल्लू बरेच महिने आईच्या मागे फिरते. पक्षी दीर्घायुषी आहे, त्यामुळे सलग काही वर्षे एकही पिल्लू जगले नाही तरी मोठ्या पक्ष्यांचा आकडा जवळजवळ तेवढाच राहतो. गावात म्हातारी माणसे आहेत तोवर घरांची दारे उघडी दिसतात. गाव ओस पडत चालल्याचे शाळेच्या पटावरून कळते. माळढोकाच्या बाबतीत तो पट फार थोड्या लोकांनी पाहिला. विजेच्या तारा, बदललेली पिके, मोकाट कुत्री, शिकार, गवताळ जमिनीवर केलेली गिरिपुष्पाची लागवड अशी कारणे अनेक होती. पण धोक्याची सूचना वेळेवर देणारा आकडा पिल्लांचाच असतो, हे माझे ठाम मत आहे आणि पुढची सगळी मांडणी त्यावरच उभी आहे.

टुंड्रातली पद्धत

उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात हे काम शिस्तीने चालते. ग्रीनलंडच्या ईशान्येला झॅकनबर्ग नावाचे संशोधन केंद्र आहे. तिथे १९९० च्या दशकाच्या मध्यापासून दर उन्हाळ्यात त्याच दरीत त्याच नोंदी होतात: बर्फ कोणत्या तारखेला वितळला, फुले कधी आली, लेमिंग या उंदरासारख्या प्राण्याची बिळे-घरटी किती, पाणथळीतल्या पक्ष्यांची घरटी किती, कोल्ह्यांच्या विवरांत पिल्ले आहेत का.

२०१८ साली तिथे बर्फ अतोनात पडले आणि फार उशिरा वितळले. त्या उन्हाळ्यात बहुतेक वनस्पती आणि प्राण्यांची वीण जवळजवळ वाया गेली. मोठे पक्षी काही प्रमाणात दिसत होते, घरटी आणि पिल्ले मात्र नव्हती. नुसते पक्षी पाहून परतलेल्या माणसाला ते वर्ष थोडे सुस्त वाटले असते, एवढेच. मागच्या वीस-बावीस वर्षांच्या वह्या हाताशी होत्या म्हणून ते वर्ष किती वेगळे होते हे ठामपणे सांगता आले.

टुंड्रा आणि आपला माळ यांच्यात हजारो किलोमीटरचे अंतर आहे, पण मोजणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींत बरेच साम्य आहे. दोन्हीकडे झाडे कमी, म्हणून घरटी जमिनीवर. दोन्हीकडे हंगाम तोकडा: तिथे तो बर्फ वितळण्यावर चालतो, इथे पावसावर. आणि दोन्ही जागा पाहणाऱ्याला ओसाड वाटतात.

आपला माळ आहे तरी कुठे

जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटच्या पठारावर आहे. तेरणा, मांजरा आणि बोरी या नद्या त्यावरून वाहतात. पश्चिमेला भूम-परंड्याकडची जमीन सीनेच्या बाजूला उतरते. येडशीजवळ रामलिंग घाट अभयारण्य आहे, साधारण २२ चौरस किलोमीटरचे. ते कोरड्या पानगळीचे जंगल आहे आणि ते जपलेच पाहिजे. पण माळावर घरटे करणारे पक्षी जंगलात राहत नाहीत. ते गावाच्या गायरानात, मुरमाड बरडावर, दोन शेतांमधल्या पडीत आणि रुंद बांधांवर राहतात.

म्हणजे धाराशिवमधल्या माळपक्ष्यांची बहुतेक वीण कोणत्याही अभयारण्याच्या बाहेर होते. सरकारी दप्तरात अशा जमिनीची गणना बऱ्याचदा ‘पडीक’ म्हणून होते. पडीक म्हटले की तिथे झाडे लावायची, पवनचक्की उभारायची, सौर पट्ट्या बसवायच्या, असा विचार आपोआप होतो. पवनचक्क्या किंवा सौरऊर्जा नको असे माझे म्हणणे नाही. त्या जागेवर आज काय वाढते आहे हे आधी लिहून ठेवा, एवढेच म्हणणे आहे. नंतर मोजायला गेलात तर आधीचे काही हाती लागत नाही.

चैत्रापासून हस्तापर्यंत

माळावरची वीण पावसाळ्यातच सुरू होते असे समजून जूनमध्ये बाहेर पडणाऱ्याचे निम्मे काम हुकलेले असते. टिटवी, माळटिटवी, धाविक, पखुर्डी आणि डोंबारी चंडोल यांची घरटी चैत्र-वैशाखातच सुरू होतात. या पक्ष्यांना उघडी जमीन लागते. अंड्यांवर बसलेल्या पक्ष्याला चारही बाजूंनी येणारा शत्रू दिसायला हवा आणि गवत वाढले की ते जमत नाही. म्हणून पहिली फेरी एप्रिलमध्ये.

उन्हाळ्यातल्या टिटवीच्या घरट्याकडे नीट पाहण्यासारखे असते. घरटे म्हणजे मुरमात केलेला उथळ खळगा, कडेने बारीक खडे आणि शेळीच्या लेंड्या. आत सहसा चार अंडी, निमुळती टोके आतल्या बाजूला वळलेली. मातकट रंगावर काळे डाग असे की नजर हलली की पुन्हा सापडत नाहीत. दुपारच्या उन्हात अंडी उबवण्यापेक्षा थंड ठेवणे जास्त गरजेचे असते. अशा वेळी टिटवी जवळच्या पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून आणते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. नर पखुर्डी तर पोटाच्या पिसांत पाणी धरून थेट पिल्लांसाठी नेतो. उन्हाळ्यात गावतळे कधी आटले ही नोंद घरट्यांच्या नोंदीशेजारी का असावी, हे यावरून कळेल.

रोहिणी-मृगात पावशा ओरडू लागतो आणि चातक येतो. चातक स्वतः घरटे करत नाही, सातभाईच्या घरट्यात अंडे घालतो. त्यामुळे चातकाची वीण मोजायची तर श्रावणात सातभाईंच्या टोळ्या पाहाव्या लागतात: टोळीमागे वेगळ्याच रंगाचे एखादे पिल्लू चोच वासून फिरते आहे का? चातकाच्या पहिल्या आगमनाच्या नोंदी २००९ मध्ये ‘मायग्रंटवॉच’ या उपक्रमातून देशभर गोळा झाल्या होत्या. आपल्या शेतकऱ्याला त्या तारखेचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आर्द्रा-पुनर्वसूत खरा भर येतो. कुसळी, पवना, मारवेल अशी गवते फुटतात, चंडोल हवेत चढून गातात, लावे आणि तित्तर बांधाच्या आडोशाला बसतात, विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकू लागतात. पुष्य ते मघा या काळात गवत गुडघ्याला लागते आणि नाकतोडे, अळ्या, भुंगे भरपूर होतात. धान्य खाणारे पक्षीही पिल्लांना किडेच भरवतात, म्हणून पिल्लांचा मोसम आणि किड्यांचा मोसम जुळावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने मोठा खंड दिला तर गवत आणि किडे दोन्ही थांबतात. असे खंड आपल्याकडे नवे नाहीत. त्यामुळे प्रत्येक फेरीच्या नोंदीबरोबर आपल्या महसूल मंडळाचा पाऊस लिहायचा; तो आकडा सहज मिळतो.

पूर्वा-उत्तरा-हस्तात उडीद-मूग निघालेले असतात, सोयाबीन काढणीला येते. त्या वेळी उडू लागलेली पिल्ले आखूड शेपटीवरून आणि अडखळत्या भरारीवरून ओळखता येतात. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात झालेली अतिवृष्टी आणि सीनेचा पूर सर्वांच्या लक्षात आहे. माणसे आणि जनावरे यांची हानी आपण मोजली. उशिरा घरटी केलेल्या लाव्या-चंडोलांचे काय झाले, हे सांगण्यासाठी आधीच्या पाच-सात सप्टेंबरांची मोजणी हवी.

फेरी आणि प्लॉट

मोजणीच्या दोन पद्धती एकत्र वापरल्या तर थोड्या माणसांत पुष्कळ काम होते.

पहिली, ठरलेल्या वाटेची फेरी, जिला वनखात्यात आणि संशोधकांत ‘ट्रान्झेक्ट’ म्हणतात. गायरानात एक किलोमीटरची सरळ वाट ठरवायची. सूर्य उगवल्यापासून दोन तासांच्या आत, पाऊस-वारा नसताना, दोघांनी सावकाश चालायचे. एकाने पाहायचे, दुसऱ्याने लिहायचे. दिसलेला-ऐकलेला प्रत्येक पक्षी वाटेपासून किती अंतरावर होता ते अंदाजाने लिहायचे: २५ मीटरच्या आत, २५ ते ५० की त्यापलीकडे. अंतराची ही नोंद कंटाळवाणी वाटते, पण ती सोडली तर सगळे आकडे फसवे होतात. मे महिन्यात उघड्या जमिनीवर ऐंशी मीटरवरची टिटवी दिसते. ऑगस्टमध्ये गवतात दहा मीटरवरचा लावा दिसत नाही. पक्षी कमी झाले की दिसणे कमी झाले, हे अंतरांवरूनच वेगळे करता येते. ऑगस्टमध्ये जवळच्या पट्ट्यातच नोंदी गोळा झाल्या असतील, तर गवताचा पडदा आड आला हे कळते.

दुसरी पद्धत नकाशाची. वीस-पंचवीस हेक्टरचा एक तुकडा निवडायचा आणि हंगामात आठ-दहा वेळा तिथे जायचे. प्रत्येक वेळी कोरा नकाशा घेऊन गाणारा नर कुठे बसला, कुठून कुठे उडाला, दोन नर कुठे भांडले, चोचीत किडा घेऊन पक्षी कुठे उतरला, हे बिंदू-बाणांनी काढायचे. हंगामाच्या शेवटी सगळे नकाशे एकावर एक ठेवले की बिंदूंचे झुबके दिसतात. एक झुबका म्हणजे एका जोडीची हद्द.

उत्तर अमेरिकेच्या टुंड्रात पाणपक्ष्यांसाठी या दोन्हींची सांगड घालतात. अनेक तुकड्यांवर एकेक झटपट फेरी आणि त्यांपैकी मोजक्या तुकड्यांवर हंगामभर मुक्काम. मुक्कामाच्या तुकड्यावर खरी घरटी किती आणि झटपट फेरीत पक्षी किती दिसले, याचे प्रमाण काढतात आणि ते बाकीच्या तुकड्यांना लावतात. धाराशिवसाठी हीच रीत सोयीची आहे. तीस गावांत साध्या फेऱ्या घ्यायच्या आणि हंगामभर पाहण्याचे तुकडे दोनच ठेवायचे: एक तुळजापूर-नळदुर्गाकडे, एक भूम-परंड्याकडे.

घरट्याचे गणित

समजा, वीस घरटी सापडली आणि त्यातल्या दहांत पिल्ले निघाली. म्हणजे निम्मी यशस्वी? नाही. घातल्यानंतर दोन-तीन दिवसांतच मुंगसाने संपवलेली घरटी आपल्याला सापडलेलीच नसतात. आपल्या हाती लागतात ती आधीच काही दिवस तगलेली. त्यामुळे साधी टक्केवारी नेहमी जास्त येते.

हॅरोल्ड मेफील्ड या अमेरिकी अभ्यासकाने १९६१ साली यावर सोपा तोडगा काढला. घरटे सापडल्यापासून ते किती दिवस नजरेखाली होते ते मोजायचे. सगळ्या घरट्यांचे असे दिवस मिळवायचे आणि त्या दिवसांत किती घरटी गेली ते पाहायचे. शंभर घरटे-दिवसांत पाच घरटी गेली तर एका दिवसाची तगण्याची शक्यता ०.९५. टिटवीची अंडी फुटायला सुमारे २८ दिवस लागतात. मग ०.९५ चा २८ वेळा गुणाकार करायचा. उत्तर येते ०.२४. म्हणजे शंभरातली चोवीसच घरटी शेवटपर्यंत जातात. तीच दैनिक शक्यता ०.९७ झाली तर उत्तर ०.४३ येते. रोजचा फरक दोन टक्क्यांचा, पण हंगामाचे यश जवळजवळ दुप्पट. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त केला किंवा गुरे पंधरा दिवस दुसरीकडे वळवली तर काय साधते, हे या आकड्यात उतरते.

रिकामे घरटे पाहून लगेच ‘गेले’ असे लिहू नये. टिटवी, धाविक यांची पिल्ले बाहेर आल्यावर काही तासांतच घरटे सोडून पळू लागतात. अशा वेळी गुडघ्यांवर बसून खळग्याचा तळ पाहावा. अंड्याच्या कवचाचे अगदी बारीक, तांदळाच्या कणीएवढे तुकडे मातीत मिसळलेले दिसले तर पिल्ले निघाली आहेत. मोठे फुटके तुकडे, सांडलेला बलक किंवा काहीच मागमूस नसणे, ही बहुधा चोरीची खूण.

घरट्याजवळ जाताना

मोजणीमुळे घरटे मोडले तर ती मोजणी न झालेली बरी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी हलवणे, नुकसान करणे किंवा त्यांना त्रास देणे हा गुन्हा आहे, आणि अभयारण्यात काहीही करण्यापूर्वी वनखात्याची परवानगी लागते. घरट्याशेजारी दगडांची खूण, फडके किंवा काठी लावू नये. कावळा ती खूण आपल्याआधी शिकतो. वीस पावलांवरच्या एखाद्या बोरीपासून दिशा आणि अंतर लिहून ठेवावे. एका वाटेने जावे आणि न थांबता पुढे निघून दुसऱ्या वाटेने परतावे, म्हणजे वासाची पायवाट घरट्यापाशी संपत नाही. भर दुपारी जाऊ नये, कारण पक्षी उठला की दहा मिनिटांत अंडी भाजतात. घरट्याचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकू नये. टिटवी पंख मोडल्याचे सोंग करत लंगडू लागली की आपण फार जवळ आलो आहोत, तेव्हा मागे फिरावे.

पाणवठे, मचाणे आणि ट्रॅप कॅमेरे

महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणे बांधून वन्यप्राण्यांची नोंद करण्याची प्रथा वनखात्याने जपली आहे. उन्हाळ्यात पाणी थोडे असते, चांदणे लख्ख असते, म्हणून प्राणी दिसतात. लोकांना जंगलाशी जोडणारा हा फार चांगला कार्यक्रम आहे. एका रात्रीच्या या नोंदीवरून संख्येचा कल मात्र काढता येत नाही. ढग आले किंवा आदल्या आठवड्यात वळीव पडला की आकडा खाली येतो.

पखुर्डीसाठी मात्र पाणवठा हीच मोजणीची उत्तम जागा आहे. सकाळी उन्हे चढली की त्यांचे थवे ठरलेल्या पाण्यावर येतात, काही घोट घेतात आणि उडतात. उन्हाळ्यात दर आठवड्याला दोन तास एका जागी बसून आलेले थवे मोजले तर वर्षांची तुलना करता येईल अशी नोंद होते.

लांडग्यांची पिल्ले आपल्याकडे थंडीत, साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत होतात. म्हणून लांडग्यांसाठीची फेरी पावसाळ्यात काढून उपयोग नाही. नान्नज परिसरात लांडग्यांचा दीर्घ अभ्यास झाला आहे आणि त्यांच्या वाटांना जिल्ह्याची शीव ठाऊक नसते. विवराचे ठिकाण नोंदवहीतही उघड लिहू नये. गटातली पिल्ले किती आणि ती मार्चपर्यंत किती उरली, एवढे पुरे.

ट्रॅप कॅमेऱ्याचे महत्त्व २०२४ च्या डिसेंबरात सगळ्या जिल्ह्याला समजले. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात वाघाचे छायाचित्र मिळाले. पट्ट्यांची जुळणी केल्यावर तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आल्याचे स्पष्ट झाले. टिपेश्वरमध्ये वर्षानुवर्षे प्रत्येक वाघाच्या पट्ट्यांची नोंद ठेवली होती, म्हणून येडशीचे छायाचित्र बोलले. लोकांनी चर्चा वाघाची केली. त्यामागच्या नोंदवहीची चर्चाही तेवढीच व्हायला हवी होती.

उत्तरेकडून येणारी पिल्ले

टुंड्राशी आपले नाते पद्धतीपुरतेच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात उजनीच्या पाणफुगवट्यावर आणि सीना-कोळेगाव, तेरणा, मांजरा यांच्या उथळ काठांवर छोटे टिलवे उतरतात. चिमणीएवढा, तीसेक ग्रॅमचा हा पक्षी उत्तर युरोप आणि सैबेरियाच्या टुंड्रात वाढलेला असतो. रफ नावाचा त्याचा मोठा भाऊबंदही तिकडचाच. भारतात पायात कडी चढवलेले रफ सैबेरियातल्या याकूतियात सापडलेले आहेत.

टुंड्रात लेमिंगांची संख्या तीन-चार वर्षांच्या आवर्तनाने वाढते आणि कोसळते. लेमिंग भरपूर असले की कोल्हे त्यांच्यावर पोट भरतात आणि पक्ष्यांची अंडी वाचतात. लेमिंग कोसळले की कोल्हे घरट्यांकडे वळतात. त्याचा परिणाम हजारो किलोमीटर दक्षिणेला, हिवाळी थव्यांतल्या तरुण पक्ष्यांच्या प्रमाणात दिसतो. युरोप-आफ्रिकेतल्या अभ्यासकांनी बाकदार चोचीच्या टिलव्यांवर आणि ब्रेंट बदकांवर हे दाखवून दिले आहे.

ही मोजणी परंड्याच्या किंवा कळंबच्या काठावर बसूनही होते. मोठे पक्षी आधी येतात, यंदाची पिल्ले मागून. छोट्या टिलव्याच्या यंदाच्या पिल्लाच्या पाठीवर इंग्रजी ‘व्ही’सारखी पांढरी रेघ असते आणि पिसांना तांबूस कडा असतात. हिवाळा सरकला की पिसे बदलून सगळे राखी दिसू लागतात, म्हणून हे काम दिवाळीच्या आत उरकावे लागते. दुर्बीण तिकाटण्यावर ठेवायची, थव्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जायचे आणि दोन खाने भरायचे: तरुण आणि प्रौढ. जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून चालू आहे. ती एकूण आकडा देते. तरुणांचे प्रमाण हवे तर सप्टेंबर-ऑक्टोबरची ही जास्तीची फेरी लागते.

मोजणारी माणसे

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालाने देशातल्या सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी वापरून ९४२ जातींचा आढावा घेतला. दीर्घकालीन कल काढता आला अशा ३३८ जातींपैकी ६० टक्के घटल्या आहेत आणि गवताळ प्रदेशातले पक्षी सर्वाधिक अडचणीत आलेल्यांपैकी आहेत. हौशी माणसांच्या नोंदींतून एवढे उभे राहते. त्याच नोंदींत ‘अंडी’, ‘पिल्लांना भरवताना’, ‘घरट्याचे साहित्य नेताना’ असे विणीचे संकेत भरण्याची सोय ईबर्डवर आहे. ती वापरायला पैसे पडत नाहीत, थोडी चिकाटी लागते.

पण माळावर रोज असतो तो मेंढपाळ. कोणत्या टेकाडावर टिटवी बसली आहे, लांडगी कोणत्या ओढ्याकडे दूध पाजायला जाते, हे त्याला ठाऊक असते. फासेपारधी समाजाकडे लावा-तित्तरांच्या घरट्यांचे ज्ञान पिढ्यांचे आहे. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाड भागात ‘संवेदना’ या संस्थेने याच समाजाला सोबत घेऊन गवताळ कुरणे आणि तणमोर यांच्या रक्षणाचे काम केले आहे. धाराशिवमध्येही असे करता येईल. अट एवढीच की सांगणाऱ्याचे नाव नोंदीवर असावे आणि त्याच्या वेळेचा मोबदला त्याला मिळावा. ज्ञान घ्यायचे आणि माणसाला बाजूला ठेवायचे, हे चालणार नाही.

शाळांसाठी सुगरण योग्य. एका विहिरीवरचे खोपे, त्यातले पुरे झालेले आणि अर्धवट सोडलेले, दर शनिवारी मोजायचे. नर अनेक खोपे अर्ध्यावर टाकतात, कारण मादीने पसंत केल्यावरच तो पुढे विणला जातो. मुले हे पाहून हरखतात, आणि सातवी-आठवीच्या गणिताला खरे आकडे मिळतात.

नोंद कुठे ठेवायची

कागद हरवतात, मोबाइल बदलतात. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवणे अपेक्षित आहे. त्या वहीत दर वर्षीच्या विणीचा एक तक्ता जोडता येतो. रकाने मोजकेच हवेत: वाटेचे किंवा तुकड्याचे नाव, तारीख, वेळ, दोघा नोंदकांची नावे, गवताची उंची, मंडळाचा पाऊस, गुरे-मेंढ्या होत्या का, कुत्री दिसली का, पक्षी, अंतर, विणीचा संकेत, घरट्याचा शेवट.

त्यात शून्यही लिहायचे. फेरी मारली आणि धाविक दिसला नाही तर ‘धाविक – ०’ अशी ओळ हवी. कोरी जागा ठेवली तर दहा वर्षांनी वाचणाऱ्याला कळणार नाही की पक्षी नव्हता, की त्या दिवशी कोणी गेलेच नव्हते. घरट्यांची नेमकी ठिकाणे वेगळ्या पाकिटात, समितीच्या आणि वनरक्षकाच्या ताब्यात राहावीत. बाकी तक्ता ग्रामसभेत सर्वांसमोर वाचावा. आणि गायरानावर एखादा प्रकल्प, लागवड किंवा रस्ता मंजुरीसाठी आला की हाच तक्ता ठरावासोबत जोडावा.

ही सुरुवात करायला येणाऱ्या एप्रिलचा पहिला आठवडा चांगला आहे: टिटव्या तेव्हा अंड्यांवर बसलेल्या असतात आणि गवत अजून फुटलेले नसते.